‘आवाज बारीक’ म्हणून परत आलेल्या सीडीज आणि रविवार कारंज्याजवळचं एक दुकान

नाशिकमध्ये रविवार कारंज्याजवळ जुन्या सीडीज आणि एलपी, म्हणजे मोठ्या काळ्या तबकड्या, विकणारं एक दुकान आहे, त्याचं नाव लिहीत नाहीये, आधीच सांगते. दुकानदार काकांना विचारलं होतं, ते म्हणाले ताई नाव नका टाकू, लोक फोनवर भाव विचारत बसतात आणि येत कोणी नाही. पण शोधायला अवघड नाहीये. रविवार कारंज्यावरून सराफ बाजाराच्या बाजूला चालत निघालात की एका बोळात जुना वाडा आहे, त्याच्या ओसरीत दुकान, बाहेर एक उलटा लाकडी खोका आणि त्यावर कॅसेट्सची चवड. गाडी आत नेऊ नका, बोळात दुचाकीसुद्धा धड वळत नाही, अशोक स्तंभाकडे कुठेतरी लावा आणि चालत या. मी दीड वर्षात पंधरा-वीस वेळा तरी गेलेय तिथे, त्यामुळे हे एका भेटीवरून लिहिलेलं नाही.

कोणी जावं ते सांगते. ज्यांना जुनी गाणी फक्त ऐकायचीत त्यांना मोबाईल पुरे आहे, त्यात काही वाईट नाही, माझी आई दिवसभर तसंच ऐकते. पण ज्यांना असं वाटत राहतं की लहानपणी घरच्या प्लेअरवर हेच गाणं लागलं की तबला खोलीत वाजतोय असं वाटायचं आणि आता तेच गाणं मोठ्याने लावलं की पाच मिनिटांत कान थकतात, त्यांनी इथे यावं. ही नुसती आठवणींची माया नाहीये. त्याला कारण आहे आणि बऱ्याच वेळा ते मोजताही येतं.

मी पहिल्यांदा गेले ते सत्तरीतल्या एका हिंदी सिनेमाच्या गाण्यांची सीडी शोधत. काकांकडे दोन निघाल्या. एक नव्या छपाईची, चकचकीत, वर ‘डिजिटली रिमास्टर्ड’ असं स्टिकर. दुसरी जुनी, केसला तडा गेलेला, आतला कागद पिवळा पडलेला. काका म्हणाले, "ताई, नवी घ्या. जुनीचा आवाज बारीक आहे, दोन गिऱ्हाइकांनी परत आणून दिली." बारीक म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी विचारलं, काका दोन्ही लावून बघू का? लगेच हो म्हणाले, कपाळाला आठी नाही की काही नाही.

आधी नवी लावली. एकदम दणक्यात सुरू झाली, दुकान भरून गेलं. मग जुनी लावली, आणि खरंच, शेजारच्या घरात वाजतंय असं वाटलं. काका म्हणाले बघा, सांगितलं ना. मी म्हटलं थांबा, आणि अँप्लिफायरचा व्हॉल्यूमचा नॉब नऊच्या काट्यावर होता तो हळूहळू साडेअकरापर्यंत नेला, गायिकेचा आवाज दोन्हीकडे सारखा वाटेपर्यंत. मग अंतऱ्याच्या आधी जिथे ढोलक येतो तो तुकडा लावला. नव्या सीडीत ढोलक होता, पण व्हायोलिनच्या मागे चिकटून, पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा. जुन्या सीडीत थाप पडली ती आधी चामड्याचा आवाज, मग आतला घुमारा, मग तो विरतो, आणि तेवढ्यात व्हायोलिन आपल्या जागेवर वेगळी ऐकू येतात. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, परत लावा. आम्ही तो तुकडा चार वेळा ऐकला असेल. मी जुनी घेतली, शंभर रुपयांत.

आता हे का होतं. रेकॉर्डिंग झालं, मिक्सिंग झालं की छापायला देण्याआधी शेवटचा हात फिरवतात ते मास्टरिंग. त्यात एकूण आवाज किती चढा ठेवायचा हे ठरतं. डिजिटलमध्ये वर एक छत असतं, शून्य डेसिबल, त्याच्या वर काहीच जात नाही. ढोलकाची थाप, संतूरचा टोला, झांज हे क्षणभरासाठी खूप उंच उडी मारतात, गाणं मात्र सरासरी त्याच्या बरंच खाली चाललेलं असतं. सीडी १९८२ मध्ये आली, १६ बिटांची, म्हणजे सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजात हिशोबाने ९६ डेसिबलची जागा, आणि सुरुवातीच्या वर्षांत लोक टेप जशी आहे तशी जपून चढवायचे, वर थोडी मोकळी जागा सोडून. नव्वदीच्या मध्यावर असे डिजिटल लिमिटर आले की त्या उड्या येण्याआधीच ओळखून छाटायच्या आणि मग उरलेलं सगळं वर उचलून छताला टेकवायचं. रंधा मारल्यासारखं. प्रत्येकाला आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं हवं होतं, कारण दोन गाणी पाठोपाठ ऐकली की माणसाला मोठं वाजणारंच चांगलं वाटतं, तो कानाचा स्वभावच आहे. २००८ मध्ये मेटॅलिका या रॉक बँडचा डेथ मॅग्नेटिक हा अल्बम आला तेव्हा हे इतकं टोकाला गेलं होतं की गिटार हीरो या व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी लोकांना विकत घेतलेल्या सीडीपेक्षा बरी वाटली, त्यांच्यावर तेवढा रंधा फिरला नव्हता म्हणून. आणि तेच पुढे जुन्या गाण्यांनाही झालं, रिमास्टर म्हणून, म्हणजे पुन्हा मास्टरिंग करून.

मी सातपूरला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. फूबार नावाचा फुकट प्लेअर आहे कॉम्प्युटरवर, त्यात डायनॅमिक रेंज मोजायचं एक जोडकाम टाकता येतं, त्याला सगळे डीआर म्हणतात, आकडा जितका मोठा तितकी थापांना मोकळीक जास्त. माझ्या घरी त्याच सिनेमाची नवी सीडी भावाकडून आणून मोजली. जुनी डीआर १३, नवी डीआर ७. ऑडॅसिटी या आवाजाची लाट चित्रात दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही उघडल्या तर जुनीत प्रत्येक थाप वेगळी काट्यासारखी वर आलेली, आणि नवी म्हणजे सरळ वीट, वरून खालून सपाट.

पण आकड्याच्या नादी पूर्ण लागू नका हेही सांगते, कारण मी सुरुवातीला लागले होते. डीआर मोजताना गाण्याचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडतात, त्यातले सगळ्यात जोराचे वीस टक्के तुकडे घेतात आणि त्यांची सरासरी पातळी सर्वात उंच टोकापासून किती खाली आहे ते बघतात. म्हणजे आलापीतली शांतता, हळू जागा, हे त्यात येतच नाही, फक्त जोराच्या भागात थापांना किती मोकळीक दिलीय तेवढंच कळतं. नुसत्या पेटीवरच्या भजनाचा आकडा कमी आला तर ती सीडी वाईट असं नाही, पेटीचा आवाज मुळातच सलग असतो. आणि एलपी कॉम्प्युटरवर उतरवून डीआर काढला तर तो जवळजवळ नेहमी जास्तच येतो, छाटलेल्या मास्टरवरून कापलेल्या एलपीलासुद्धा, कारण सुईच्या वाटेने येताना लाटेचा आकार बदलतो आणि खरखरीची टोकंही मोजली जातात. त्यामुळे एलपीचा १४ आणि सीडीचा ११ हे शेजारी ठेवून काही ठरवू नका. सीडी विरुद्ध सीडी, तेच गाणं, तिथे हा आकडा खरा उपयोगी.

तर त्या पहिल्या भेटीनंतर काकांनी काय केलं, तर जेवढ्या सीडीज ‘आवाज बारीक’ म्हणून परत आल्या होत्या किंवा विकल्या जात नव्हत्या त्या सगळ्या एका खोक्यात घातल्या आणि वर मार्करने ‘आवाज बारीक’ असंच लिहिलं. हा खोका म्हणजे या दुकानाचं सगळ्यात मोठं आकर्षण आहे माझ्या मते. आता भाव शंभरचा दोनशे झालाय पण मला ते रास्त वाटतं, कारण काका प्रत्येक सीडी उजेडात धरून भोकं, ओरखडे बघतात आणि जिथे उडते तिथे चिठ्ठी चिकटवतात, ‘गाणं ६ उडतं’ अशी. मी घेतलेल्या तीसेक सीडीजपैकी दोनच घरी येऊन अडकल्या, त्याही बदलून दिल्या.

खोक्यात सगळंच सोनं नाही. काही सीडीज खरंच बेकार आहेत, पाचव्या-सहाव्या कॉपीच्या टेपवरून चढवलेल्या, वरचे स्वर गायब, आणि काहींत झंकार घातलेला, म्हणजे जुन्या गाण्यावर वेगळा ड्रम आणि एको. झंकारवाली सीडी हातात आली तर डीआर बघायच्या आधीच परत ठेवा. कव्हरवर लिहिलेलं नसेल तर पहिली तीस सेकंद ऐकली तरी कळतं.

जुनी छपाई कशी ओळखायची हे काकांकडून थोडं आणि बाकी मी स्वतः शिकले. सीडी उलटी करा, मधल्या भोकाच्या भोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरं असतात. तिथे आयएफपीआय (ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि पुढे काही आकडे-अक्षरं दिसली तर ती प्रत १९९४ च्या आसपास किंवा नंतर छापलेली, कारण ते कोड तेव्हापासून सुरू झाले. ते नसलं म्हणजे जुनी असायची शक्यता वाढते, खात्री नाही, काही कारखान्यांनी उशिरा सुरू केलं. इंग्रजी गाण्यांच्या सीडीवर ‘मेड इन डब्ल्यू. जर्मनी’ असेल तर ती साधारण १९९० च्या आधीची, सोपं आहे, त्यानंतर पश्चिम जर्मनी वेगळी राहिलीच नाही. डायर स्ट्रेट्स या बँडचा ब्रदर्स इन आर्म्स हा अल्बम १९८५ चा, तो अशा जुन्या छपाईत मिळाला तर सोडू नका, ड्रम्स कसे मोकळे असू शकतात ते त्याच्यात कळतं. मला इथेच मिळाला, अडीचशेला, देवळालीच्या कोणीतरी घर बदलताना काढून टाकलेल्या ढिगात होता म्हणे.

एक मात्र तपासा. १९८८ ते १९९३ च्या दरम्यान ब्रिटनमधल्या एका कारखान्यात छापलेल्या बऱ्याच सीडीजचा चांदीचा थर काळवंडला, कडेकडून तांबूस होत जातो आणि मग वाजत नाहीत. उजेडात धरली की कडेला चहाच्या डागासारखा रंग दिसतो. काकांना हे माहीत नव्हतं, मी दाखवल्यावर त्यांनी त्याच दिवशी खोक्यातल्या तीन बाजूला काढल्या. हे मला आवडलं. दुसरा दुकानदार असता तर म्हणाला असता धुऊन पुसून घ्या, वाजते.

आता एक गोष्ट जिथे मी सीडी परत द्यायला निघाले होते. जपानमध्ये छापलेली ऐंशीच्या सुरुवातीची एक सीडी घेतली, दुकानात सुरेख वाजली होती. घरी कॉम्प्युटरवर उतरवली आणि ऐकते तर इतकी कर्कश, झांजा कानात घुसतायत. मी काकांना फोन केला, ते म्हणाले, "ताई, प्लेअरवर लावा, कॉम्प्युटरवर नका लावू." प्लेअरवर लावली, ठीक. दोन दिवस डोकं खाजवलं, मग कळलं की त्या काळच्या काही सीडीजवर प्री-एम्फसिस असतं, म्हणजे चढवताना वरचे स्वर मुद्दाम वाढवून ठेवायचे आणि सीडीवर एक खूण ठेवायची, ती खूण बघून प्लेअर वाजवताना ते परत उतरवतो, त्यात बारीक सरसर कमी होते. कॉम्प्युटरवर उतरवताना ती खूण बघितली गेली नाही की वाढवलेले स्वर तसेच राहतात. सॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरने ते दुरुस्त करता येतं, एक ओळीचं काम. किती लोकांनी ‘जुन्या सीडी कर्कश असतात’ म्हणून विकून टाकल्या असतील याच कारणाने, विचार करून वाईट वाटतं.

एलपीकडे वळते. एलपीच्या बाजूला दुकान अजून भारी आहे. साधारण हजारभर असतील, त्यातल्या निम्म्या मराठी आणि शास्त्रीय. एचएमव्हीच्या एलपीवर नंबराच्या आधी जी अक्षरं असतात ती वाचायला शिका, कामाला येतं. ईएएलपी, ईसीएलपी असेल तर मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरवर एकच आवाज, ईएएसडी, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा वेगळा, आणि ऐंशीतल्या पीएमएलपी मोनो तर पीएसएलपी स्टिरिओ. मोनो म्हणजे कमी दर्जाचं असं अजिबात नाही. मूळ मोनो असलेलं गाणं मोनोतच घ्या, नंतर कृत्रिमरीत्या दोन बाजूंना फाकवून स्टिरिओ केलेलं असतं त्यात आवाज पोकळ होतो. काका मोनो एलपी लावताना अँपवरचं मोनोचं बटण दाबतात, त्याने खरखर निम्मी होते, हे मी इथेच पहिल्यांदा बघितलं.

ऐकून घ्यायची सोय हीच खरी गोष्ट आहे या दुकानाची. आणि कसं ऐकायचं ते काकांना कळतं. ते पहिलं गाणं लावतच नाहीत. थेट शेवटचं लावतात, लेबलच्या जवळचं. तबकडी एकाच वेगाने फिरते पण आत जाता जाता सुईखालून जाणारी लांबी कमी होत जाते, त्यामुळे फाटलेला आवाज, ‘स’ आणि ‘श’ ची फुर्रफुर्र सगळी आधी शेवटच्या गाण्यात कळते. शेवटचं गाणं स्वच्छ असेल तर बाकीचं असतंच. हा एक नियम मी आता प्रत्येक ठिकाणी वापरते.

तिथे ऐकलेली आणि घरी आणलेली सगळ्यात सुंदर एलपी म्हणजे कॉल ऑफ द व्हॅली, १९६७ ची, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा, जुनी स्टिरिओ छपाई. संतूर म्हणजे डायनॅमिक रेंजची परीक्षाच आहे. कलम तारेला लागतं तो क्षण इतका छोटा आणि इतका टोकदार असतो, की लिमिटरने सगळ्यात आधी तोच जातो आणि उरते ती नुसती टिणटिण. या प्रतीत टोला आधी लाकडासारखा ऐकू येतो आणि मग तार बोलते. मध्ये बासरी अगदी हळू येते तेव्हा खोलीतला पंखा बंद करावा लागतो, मी खरंच बंद करते. पहिल्या बाजूला दोन ठिकाणी टकटक आहे, काकांनी आधीच दाखवली होती आणि त्यासाठी दोनशे कमी केले.

आणि नाशिककर म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. शास्त्रीय गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर आपल्या नाशिकचे, २८ मे १९२१ चा जन्म इथलाच, वडील विष्णु दिगंबर पंचवटीत रामनाम आधाराश्रमात राहायचे. माझे आजोबा पंचवटीतले, त्यांच्या तोंडी हे नाव कायम असायचं. डी. व्ही. १९५५ मध्ये गेले, फक्त चौतीस वर्षांचे, म्हणजे त्यांचं बहुतेक ध्वनिमुद्रण ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. काकांकडे त्या तबकड्यांवरून केलेली एक जुनी एलपी होती आणि त्यातल्याच काही चिजांची एक सीडीही होती. दोन्ही एका दुपारी लावल्या. सीडीत खरखर जवळजवळ शून्य. ऐकायला पहिल्यांदा बरं वाटतं. पण मग लक्षात येतं की खरखरीबरोबर तानपुराही गेलाय, तान संपते तिथे आवाज विरत नाही, कापल्यासारखा थांबतो, आणि श्वास तर कुठेच नाही. एलपीत पावसासारखी खरखर सतत आहे, पण त्या पावसाच्या मागे माणूस बसलाय. काका काही बोलले नाहीत, एलपी संपेपर्यंत एक गिऱ्हाईक बाहेर उभं होतं त्याला हाताने थांबा म्हणून खूण करत राहिले.

७८ च्या तबकड्यांमध्ये मोठी डायनॅमिक रेंज शोधायला जाऊ नये, ती त्या माध्यमातच नव्हती. तिथे चांगलं मास्टरिंग म्हणजे कमीत कमी हात लावणं. हे मला त्या दुपारी कळलं, त्याआधी मी ‘क्लीन’ केलेलंच चांगलं समजत होते.

आता तक्रारी, कारण आहेत.

धूळ भरपूर आहे. पावसाळ्यात तर वाड्याला ओल येते आणि खालच्या खोक्यांतल्या एलपींना बुरशी धरते, पांढरे ठिपके. ती वरवरची असली तर जाते, डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं, खोबणीच्या दिशेने पुसायचं. पण ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना अल्कोहोल किंवा स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख विरघळते. काकांच्या मदतीला येणारा मुलगा एकदा सॅनिटायझरने पुसायला निघाला होता, मी अक्षरशः हात धरला त्याचा.

दुसरं, काही कव्हरांत भलतीच तबकडी असते. मी एकदा ईएएसडीचं कव्हर बघून घेतली आणि घरी आत मोनो निघाली, दुसऱ्याच रागाची. बदलून दिली, पण तेवढ्यासाठी परत सातपूरहून यावं लागलं. तेव्हापासून काउंटरवरच तबकडी बाहेर काढून लेबल वाचते. तुम्हीही वाचा.

तिसरं थोडं गंभीर. गेल्या दिवाळीच्या सुमारास टर्नटेबलची सुई झिजलेली होती. मला दुसऱ्याच गाण्याला कळलं, ‘स’ सगळे फाटत होते आणि एकच एलपी नाही, प्रत्येक एलपीवर. झिजलेली सुई गिऱ्हाइकाला दाखवायच्या तबकडीवर फिरवणं म्हणजे माल खराब करणं आहे, मी स्पष्ट सांगितलं. काकांना वाईट वाटलं, म्हणाले सुई मुंबईहून येईपर्यंत कोणाला एलपी लावून दाखवणार नाही. आणि खरंच नाही दाखवली, पंधरा दिवस, गिऱ्हाईक परत गेलं तरी. आता नवी सुई आहे, तरी महागडी एलपी घेणार असाल तर विचारा सुई कधीची आहे, राग येत नाही त्यांना.

नवीन सीडी, नवीन एलपी इथे मिळत नाहीत आणि मागवूनही देत नाहीत. ऑनलाइन मी एका ठिकाणाहून मागवून बघितलं होतं, फोटो जुन्या छपाईचा आणि आलं काय तर नवं रिमास्टर, परत पाठवताना तीन आठवडे गेले. जुन्या छपाईच्या बाबतीत हातात घेऊन, कड्यावरची अक्षरं वाचून, शक्य झालं तर ऐकूनच घ्यावं असं माझं ठाम मत झालंय.

कोणी म्हणेल स्ट्रीमिंगवर आता सगळी गाणी सारख्याच आवाजाने वाजवतात, मग हा प्रश्न संपला. अर्धा संपला. स्पॉटिफायसारखी अ‍ॅप्स मोठं गाणं खाली उतरवतात, साधारण उणे १४ एलयूएफएसच्या पातळीला (एलयूएफएस हे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप), त्यामुळे छाटून मोठं करण्याचा फायदा राहिला नाही हे खरंय आणि नव्या गाण्यांसाठी चांगलंच आहे. पण छाटलेली थाप आवाज उतरवला म्हणून परत उगवत नाही. आणि अ‍ॅपवर एका गाण्याची कुठली प्रत ठेवलीय, १९८६ ची की २००५ ची, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

बाकीचं पटकन. वेळ सकाळी साडेदहा ते दीड, मग संध्याकाळी पाच ते साडेआठ, दुपारी खरंच बंद असतं, दार वाजवू नका, काका वर झोपतात. यूपीआय चालतं. सीडी दीडशे ते तीनशे, एलपी तीनशेपासून पुढे, गाजलेल्या सिनेमांच्या एलपींचा भाव मला जास्त वाटतो, शास्त्रीयचा कमी वाटतो, म्हणून शास्त्रीय आधी बघा. घासाघीस थोडी होते, पण ऐकून झाल्यावर करा, आधी नाही. दोन माणसं आत बसू शकतात, तिसऱ्याला ओसरीत थांबावं लागतं. शनिवारी एमआयडीसीला सुट्टी असते तेव्हा आमच्यासारखे तीन-चार जण असतातच, त्यामुळे निवांत ऐकायचं असेल तर मंगळवार-बुधवार सकाळ. पाचपैकी साडेचार देते, अर्धा धूळ आणि ओल यासाठी कापला.

परवा गेले तेव्हा येवल्याच्या एका वाड्यातून दोन ट्रंका भरून एलपी आलेल्या होत्या, अजून उघडून लावलेल्या नाहीत. वरच्या थरात पाच-सहा ईएएसडी दिसल्या, कव्हरं वाळवीने खाल्लेली पण तबकड्या काळ्याभोर, एकही ओरखडा नाही. काका म्हणाले धुवायला माणूस नाही. मी येत्या शनिवारी पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर घेऊन जाणार आहे.